टपालाने आलेली करणी

जोतीराम लांगरी भुताला भीत नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, आणि बहुतेक वेळा कोणी विचारलेलं नसताना सांगायचा. लिबियाच्या वाळवंटात पलटणीचा स्वयंपाक करत त्याने सतरा महिने काढले होते. तिथे माणसं रोज मरत होती आणि पुरायला सवड नव्हती. भूत म्हणून काही असतंच, तर ते पहिल्याच आठवड्यात थाळी घेऊन आपल्या रांगेत उभं राहिलं असतं, असं त्याचं म्हणणं. “सतरा म्हयनं वाढलंय मी. एकबी थाळी जास्तीची भरली न्हाई,” असं तो पारावर बसून सांगे आणि ऐकणारे माना डोलवत. दिवस मावळायला आला की ते उठून घरी जात. जोतीराम एकटाच निर्भयपणे बसून राही, कारण त्याचा डावा पाय धरलेला असे आणि तो सुटायला वेळ लागे.

पाय आणि नाक दोन्ही एकाच दिवशी गेले होते. तोफेचा गोळा रसदीच्या गाडीवर पडला, पायाचं हाड मोडलं आणि तेव्हापासून जोतीरामला कसलाही वास येईनासा झाला. स्वयंपाक्याचं नाक जाणं म्हणजे गवयाचा कान जाण्यासारखं. दूध करपलेलं त्याला डोळ्यांनी कळायचं, म्हणजे उशिरा कळायचं. त्या दिवशी एका ऑस्ट्रेलियन शिपायाने त्याला पाठीवर घेतलं आणि चार मैल चालत नेलं. जोतीरामला त्याचं तोंड दिसलंच नाही. चार मैल डोळ्यांसमोर होते ते उन्हाने भाजलेले दोन लालबुंद कान. दवाखान्याच्या तंबूत शुद्ध आली तेव्हा कान निघून गेले होते. नाव कळलं नाही, राम राम करायचाही राहून गेला. ही गोष्ट तो पारावर सांगत नसे. ती फक्त त्याच्या बायकोला, शालूबाईला ठाऊक होती.

म्हणून १९४६ च्या नोव्हेंबरात कराडच्या खाली सहा मैलांवर, कृष्णाकाठच्या सरकारी बंगल्यात पुलाच्या पायाची पाहणी करायला डॉसनसाहेब आला आणि तो ऑस्ट्रेलियाचा असल्याचं कळलं, तेव्हा जोतीराम दुसऱ्या दिवशी पहाटेच पायरीवर जाऊन बसला. साहेब दार उघडून बाहेर आला. उंच, हडकुळा, तिशीतला माणूस. कान लालबुंद. हा तो नव्हे हे जोतीरामला कळत होतं. पण कान तेच होते. त्याने सलाम ठोकला आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. घरी येऊन त्याने शालूबाईला सांगितलं, की हा गडी ज्या वजनाचा आलाय त्याच्यापेक्षा चार शेर जास्तच परत जाईल, कमी जाणार नाही.

पहिल्या महिन्यात साहेब पाच शेर उतरला.

दोष जोतीरामच्या हाताचा नव्हता, निदान सगळा नव्हता. साहेब दिवसभर नदीत खांब ठोकून घेई, माप घेई, वहीत लिही. चार वाजता परत आला की मात्र त्याचं काहीतरी वेगळंच सुरू होई. टेबलावर त्याची दोन घड्याळं होती. एक आपल्या वेळेवर चाले, दुसरं कुठल्यातरी भलत्याच वेळेवर. आपल्याकडे दिवस मावळताना ते दुसरं रात्रीचे साडेदहा दाखवी, आणि साहेब त्याच्याकडे बघून कोणीतरी झोपलं असावं अशा बेताने पाय न वाजवता चाले. बैठकीच्या खोलीत त्याने आरामखुर्ची उचलून कोपऱ्यात नेली होती आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. पाठीमागे खिडकीत नदी, झाडी, डोंगरावरचं ऊन, आणि हा माणूस हातभर अंतरावरच्या चुन्याच्या भिंतीकडे बघत तासभर बसे. जोतीरामने एकदा अंदाज घेतला. ती बाजू आग्नेयेची होती, ऑस्ट्रेलियाची.

नाताळात तर कहर झाला. कृष्णेवरून धुकं येऊन बंगल्याच्या पायऱ्यांना लागलं होतं, आणि साहेब कांबळं पांघरून सांगत होता की हे चूक आहे, सगळंच चूक आहे, आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो. भर उन्हाळ्यात नाताळ! जोतीरामने मान डोलवली आणि आत जाऊन कपाळाला हात लावला.

पण खरी गोष्ट रविवारची होती.

रविवारी तिन्हीसांजेला साहेब बिस्किटाचा एक डबा उघडी. त्यातून एक वाळलेलं पान काढी. पान लांबट, विळ्यासारखं वाकडं, राखेच्या रंगाचं. असलं झाड जोतीरामने बघितलेलं नव्हतं. साहेब ते बशीत ठेवून काडी लावी, डोळे मिटी आणि धुरात तोंड घाली. दिवा लावलेला नसे. अर्ध्या उजेडात त्याच्या गालांवरून पाणी ओघळताना दिसे आणि ओठ हलत. पान विझलं की तो बराच वेळ हलत नसे. व्हरांड्यातलं कुत्रंसुद्धा त्या वेळी उठून आवाराबाहेर जाई. तो धूर दारात उभ्या जोतीरामच्या तोंडावर येई, आणि त्याला त्यात काहीच जाणवत नसे. गेलेल्या नाकाचं हे एक बरं नाही. समोरचा माणूस हवेतून काय ओढून घेतोय ते दिसत राहतं, कळत नाही.

एकदा त्याने धीर करून पलटणीतल्या हिंदीत विचारलं, “साहेब, ये क्या है?”

साहेबाने डोळे न उघडता, तसल्याच मोडक्या हिंदीत सांगितलं, “ये मेरा घर है.”

आणि ते घर बशीत जळत होतं.

पानं येत होती टपालाने. दर दोन-तीन आठवड्यांनी टपालवाला रहिमान सायकलवरून येई. उतरला की गावच्या चिठ्ठ्या एका हातात आणि साहेबाचं जाड पाकीट दुसऱ्या हातात, अंगापासून लांब धरलेलं. पाकिटाला सर्दीवरच्या तेलाचा वास येतो, असं त्याने पहिल्याच खेपेला सांगितलं होतं. रहिमान कराडात इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेला, त्याचं बोलणं कोणी वाऱ्यावर सोडत नसे. पण जोतीरामने पाकीट नाकाशी धरलं, त्याला नेहमीप्रमाणे काही आलं नाही, आणि ज्याचा वास आपल्याला येत नाही ते नसतंच, अशी त्याची चार वर्षांत सवय झाली होती. पाकिटावर दर वेळी एकाच बाईचं अक्षर होतं.

हे सगळं त्याने शालूबाईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

“आवं, करणी हाय ती.”

जोतीराम हसला. भुताला न भिणारा माणूस करणीला हसणारच.

“हसताय काय? बाईचं अक्षार. पान धाडती. त्ये जाळलं की मानूस रडतंय, आन् दिस-दिस वाळत चाललंय. भितीकडं तोंड करून बसतंय म्हनता. आनि काय पायजे? कपाळाव लिवून याया पायजे का?”

जोतीराम म्हणाला की सात समुद्रांपलीकडून करणी कशी लागेल. शालूबाई म्हणाली, टपाल पोचतंच की.

त्या रात्री जोतीरामला झोप लागली नाही. एका ऑस्ट्रेलियाच्या माणसाने आपल्याला मरणातून उचलून आणलं आणि दुसरा आपल्या हातचं जेवत असताना डोळ्यांदेखत मरणार! ते कान वरून बघत असतील, असंही त्याला वाटून गेलं. सकाळी तो बिराप्पाकडे गेला. श्रद्धेने नव्हे, फक्त चौकशीला, असं त्याने वाटेत स्वतःला तीनदा सांगितलं.

बिराप्पा देवरुषी उसाच्या पलीकडे, म्हसोबाच्या दगडाशेजारी राही. खोपटाभोवती बाभळी होत्या, बाभळींना चिंध्या लोंबत होत्या आणि आत शिरायला उसातून एकच पायवाट होती. चाळीस वर्षं तो भुतं उतरवत होता, बोलावत होता, बाटलीत भरत होता. त्याचा दरारा कुपवाडपासून कराडपर्यंत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, डोळे फिरवले आणि पाकिटाला औषधाचा वास येतो म्हणजे नक्की इख आहे, इखाला गोड वासात गुंडाळूनच धाडतात, असा निकाल दिला. उपाय त्याने असा सांगितला. डब्यातली सगळी पानं एकेक करून काढून आणायची, साहेबाला कळता कामा नये. बदल्यात दुसरी ठेवायची. पानं नऊ झाली की अवसेला तिन्हीसांजेला खापरात एकदम जाळायची. ज्याने धाडली ती शक्ती मग आपणहून समोर येऊन उभी राहील आणि तिला बिराप्पा बघून घेईल.

“उभी ऱ्हाईल म्हंजी?” जोतीरामने विचारलं.

“ऱ्हाईल. पांढरी आसंल. रडत यील. तू बोलायचं न्हाई, मागं बघायचं न्हाई. बाकी माझ्याव सोड. असल्या छप्पन्न उतरवल्यात.”

बदली पानांचं काम शालूबाईने केलं. आंब्याची पानं वाळवून तिने ती अडकित्त्याने कातरून विळ्यासारखी वाकडी केली आणि वरून चुलीतली राख चोळली. हुबेहूब जमली. जोतीराम रोज डब्यातून एक काढी, एक ठेवी. नवीन पाकीट आलं की साहेब आत नुसता घाम पुसायला गेला तरी तेवढ्यात काम उरके. सतरा महिने रसद सांभाळलेल्या माणसाला ते अवघड नव्हतं.

पुढच्या रविवारी साहेबाने आंब्याचं पान जाळलं.

जोतीराम दाराआड उभा होता. साहेबाने डोळे मिटले, धुरात तोंड घातलं आणि थांबला. पुन्हा श्वास ओढला. डोळे उघडून बशीकडे बघितलं. दुसरं पान काढून लावलं. तिसरं लावलं. मग त्याने आपल्या दोन्ही हातांकडे असं बघितलं, जसं काही हात दुसऱ्याचे आहेत. त्या दिवशी तो रडला नाही. जोतीराम घरी येऊन शालूबाईला म्हणाला, उतार पडला, रडणं थांबलं.

पण रडण्याबरोबर जेवणही थांबलं. साहेब भिंतीपुढच्या खुर्चीतही बसेना. रविवारी पान जाळायचा, वास घ्यायचा आणि तोंडातल्या तोंडात एकच प्रश्न विचारत राहायचा. आपण घर विसरत चाललोय असं त्याला वाटत होतं. पण हे पुढे कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसत होतं की माणूस आतून रिकामा होतोय. दुसरं घड्याळ त्याने चावी देणं सोडलं आणि ते एका संध्याकाळी बंद पडलं. जोतीरामने त्याला हात लावला नाही. फेब्रुवारीत साहेबाला बारीक ताप येऊ लागला. बंगल्यावर आता दोघांच्याही पावलांचा आवाज येत नव्हता. जोतीराम अवसेचे दिवस मोजू लागला. तोवर माणूस टिकला पाहिजे, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि आपण कोणाकडे मागतोय हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

अवसेला साहेब दुपारपासून मच्छरदाणीत पडून होता. जोतीरामने उशाशी पेज ठेवली, नऊ पानं धोतराच्या सोग्यात बांधली आणि लंगडत निघाला. ऊस डोक्यापेक्षा उंच झालेला. वारा नव्हता, तरी पात्यावर पातं घासल्याचा आवाज येत होता. म्हसोबाच्या दगडाला त्या दिवशी नवा शेंदूर लावला होता. बिराप्पा कपाळभर हळद फासून तयार बसला होता. त्याच्या पुढ्यात खापर, खापरात निखारे.

“बस. आन् आता त्वांड उघडायचं न्हाई.”

दिवस बुडाला. बिराप्पाने नऊही पानं एकदम निखाऱ्यांवर टाकली.

पानं तडतडली. त्यांच्यातून निळसर ज्योत उठली आणि मग पांढरा, दाट धूर. बिराप्पा शिंकला. पुन्हा शिंकला. त्याने मंत्र सुरू केला तो मध्येच अडला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि दोन वर्षं तुंबलेलं त्याचं नाक मोकळं झालं, तसा तो स्वतःच जरा दचकला. धूर बाभळीवर गेला, तिथे थांबला आणि मग, वारा नसतानाही, नदीकाठाने बंगल्याच्या दिशेने सरकू लागला. जोतीरामला फक्त धूर दिसत होता.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग उसात आवाज झाला.

पात्यांचा नव्हे. कोणीतरी वाट सोडून, सरळ उसातून, ऊस मोडत येत होतं. थांबत नव्हतं. आवाजाबरोबर दुसरा एक आवाज होता, हुंदक्यासारखा. बिराप्पाचा मंत्र हळू होत गेला. त्याने जोतीरामकडे बघितलं. चाळीस वर्षांत ज्याने हजारदा ‘ये, समोर उभी राहा’ म्हटलं होतं, त्या माणसाच्या तोंडावर आता पहिल्यांदाच असं दिसत होतं, की खरंच कोणी येईल अशी त्याची कधी अपेक्षाच नव्हती.

ऊस फाकला. पांढरं काहीतरी बाहेर आलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं, मागे जमिनीवर हातभर लोळत होतं. उंच. पाय अनवाणी. आतून रडण्याचा आवाज येत होता आणि दोन्ही हात धुराकडे पसरलेले होते.

बिराप्पा उठला. “जोत्या, हिला तूच सांग, मी न्हाई बोलावली,” एवढं बोलून तो दोन बाभळींच्या मधून गेला. मधे जागा नव्हती, तरी गेला. त्याचा फेटा काट्यांवरच राहिला. नदीत उडी पडल्याचा आवाज आला आणि मग पलीकडच्या काठाकडे जाणारे हात मारल्याचा.

जोतीराम हलला नाही. आपण जागा सोडली नाही, हे त्याने पुढे पारावर पुष्कळदा सांगितलं. वस्तुस्थिती अशी की त्याचा पाय धरला होता.

पांढरं जवळ आलं, खापरापाशी गुडघे टेकून बसलं आणि त्याने धुरात तोंड घातलं. निखाऱ्याच्या उजेडात जोतीरामला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, लालबुंद कान. दुसरी, अंगावर गुंडाळलेलं ते पांढरं म्हणजे बंगल्यातली मच्छरदाणी होती. एका कोपऱ्याला अजून खिळा लटकत होता.

साहेब धूर ओढत होता आणि रडता-रडता हसत होता. “घर,” तो म्हणाला. “घर, घर.” मग त्याची नजर खापराच्या कडेवर पडली. एक पान अर्धं जळायचं राहिलं होतं. त्याने ते उचललं. पानाकडे बघितलं, मग जोतीरामकडे.

“सब?”

आता बोलायचं नाही असा नियम होता. पण नियम करणारा पोहत होता. “सब, साहेब,” जोतीराम म्हणाला. मग त्याने बसल्या जागी सलाम ठोकला, कारण यापुढे काय करतात ते त्याला माहीत नव्हतं.

एका आईने जपून धाडलेले नऊ रविवार समोर एकदम जळत होते. शेवटी साहेबाने मच्छरदाणी अंगावरून काढली, घडी घातली, शेजारची जमीन थोपटली आणि जोतीरामला जवळ सरकायला सांगितलं. वास कसा आहे, असं त्याने विचारलं. जोतीरामने नाकाला बोट लावलं. “साहेब, नाक बंद. लडाई. लिबिया.” आणि मग, का ते कळायच्या आत, त्याने मोडक्या हिंदीत चार मैलांची आणि दोन कानांची गोष्ट सांगून टाकली. राख निवेपर्यंत दोघे तिथेच होते. कोणी मागे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी रहिमानने साहेबाला इंग्रजीत विचारून सगळा उलगडा केला. साहेबाच्या घरामागे ते झाड होतं. त्यांच्याकडे परक्या मुलखात गेलेल्या मुलांना आया पाकिटातून त्याचं पान धाडतात. पान जाळलं की घराचा वास येतो. “नीलगिरी म्हंत्यात त्येला. म्या पयल्याच दिवशी सर्दीचं त्याल म्हनलो हुतो,” रहिमान म्हणाला आणि ते त्याने गावात प्रत्येक दारी टपालाबरोबर पोचवलं.

जोतीराम त्याच आठवड्यात पाचगणीला गेला. तिथल्या एका शाळेच्या आवारात ती झाडं आहेत असं कळलं होतं. माळ्याला पलटणीचा बिल्ला दाखवून तो पोतंभर पानं घेऊन आला आणि रविवारी, साहेबाला काही कमी पडू नये म्हणून, निम्मं पोतं एकदम पेटवलं. किती पुरे, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. बंगल्यातून साहेब, अंगणातून कुत्रं आणि वाऱ्याच्या दिशेची सात घरं बाहेर पळाली. साहेब त्या दिवशीही रडला, पण त्याच्या आईचा त्यात काही संबंध नव्हता. गावातल्या सर्द्या मात्र होळीपर्यंत बंद होत्या.

साहेब जेवू लागला. संध्याकाळी तो भिंत सोडून शालूबाईच्या अंगणात येऊन बसे. ती गोवऱ्यांवर भाकरी भाजी आणि हा धुरात डोळे चोळत गप्प बसून राही. बिराप्पा आठ दिवसांनी परतला. धंदा सोडायचं त्याने ठरवलं होतं, पण त्याच्या नुसत्या खापरातून गोरं भूत उभं राहिल्याची बातमी पार मिरजेपर्यंत गेली होती आणि खोपटापुढे गाड्या उभ्या होत्या. भुतं बोलावणं त्याने बंद केलं; आता तो फक्त उतरवतो.

मे महिन्यात पाहणी संपली. निघताना साहेबाने शालूबाईकडून चार वाळक्या गोवऱ्या मागून घेतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या. साहेबलोकांना विचारायचं नसतं, म्हणून कोणी विचारलं नाही. त्याला कराडच्या ठेशनावर ताजव्यात उभा केला तेव्हा तो आला होता त्यापेक्षा दोन शेर जास्त भरला. चार भरला नाही, याचं जोतीरामला अजून वाईट वाटतं.

दिवाळीच्या आधी रहिमान पाकीट घेऊन आला. तेच बाईचं अक्षर, पण या वेळी वर जोतीरामचं नाव. वास कसलाच येत नव्हता, असं रहिमानने शपथेवर सांगितलं. अंगणात बसून त्याने ते वाचून दाखवलं.

साहेबाच्या आईने लिहिलं होतं की मुलगा सुखरूप पोचला, अंगाने भरलाय, जोतीरामचे उपकार ती विसरणार नाही. एकच काळजी आहे. दर रविवारी संध्याकाळी तो घरामागे त्या झाडाखाली जातो, ट्रंकेतून शेणाचा एक तुकडा काढतो, पेटवतो आणि डोळे मिटून धुरात तोंड घालून रडतो. विचारलं तर माझं घर म्हणतो. तिकडे असताना कोणी त्याच्यावर काही केलं तर नाही ना? आणि तुमच्याकडे यातलं कळणारा कोणी चांगला माणूस आहे का?

शालूबाईने नवऱ्याकडे बघितलं.

जोतीराम उठला, त्याने काठी घेतली आणि बिराप्पाकडे गेला. फक्त चौकशीला. बिराप्पाने सगळं ऐकून घेतलं, डोळे फिरवले आणि विचारलं, तिकडची नदी पोहून जायला किती रुंद आहे.